वेब कॅशने काय ठेवून घ्यावे

वेब कॅशला प्रत्येक नव्या मागणीबरोबर एक निर्णय घ्यावा लागतो. कोणीतरी एखादे चित्र, पान किंवा व्हिडिओचा तुकडा मागितला, तो कॅशजवळ नव्हता, म्हणून मूळ सर्व्हरकडून आणून दिला. देताना त्याची प्रत कॅशच्या हातातून जातेच. ती प्रत ठेवून घ्यायची की तशीच पुढे जाऊ द्यायची? ठेवली तर पुढच्या मागणाऱ्याला ती जवळूनच मिळेल. पण जागा मोजकी असते, तेव्हा तिच्यासाठी दुसरे काहीतरी काढावे लागते, आणि पुढचा मागणारा आलाच नाही तर सगळा खटाटोप फुकट जातो. मोठ्या कॅशला हा निर्णय सेकंदाला हजारो वेळा घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी तिच्या हाती माहिती असते ती फारच थोडी.

कॅशची गरज निर्माण होते अंतरामुळे. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत, सुपारी हनुमानाच्या देवळापाशी उभ्या असलेल्या एखाद्याने मोबाइलवर पान उघडले आणि ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरवर असेल, तर मागणी आधी मुंबईला जाते, तिथून समुद्राखालच्या केबलने पलीकडे, आणि उत्तर तसेच परत येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासूनचे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर धरले तरी एका फेरीला १२५ मिलिसेकंद लागतात; केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा दोनशेच्या घरात जातो. सुरक्षित जोडणी होऊन पहिला मजकूर पडद्यावर येईपर्यंत अशा तीन-चार फेऱ्या होतात. तेच पान मुंबईतल्या कॅशमध्ये सापडले तर फेरी काही मिलिसेकंदांत आटोपते, आणि शहरातल्याच इंटरनेट कंपनीच्या सर्व्हर-खोलीत सापडले तर त्याहून लवकर. वेळेखेरीज पैसाही वाचतो, कारण दूरच्या जोडणीवरून येणाऱ्या प्रत्येक बाइटचे बिल कोणीतरी भरत असते.

हा पेच गुलमंडीतल्या साडीच्या दुकानदाराला नवा वाटणार नाही. गिऱ्हाइकाने फळीवर नसलेला रंग मागितला की तो ‘बसा, मागवून देतो’ म्हणतो आणि पोऱ्याला गोदामाकडे पिटाळतो. साडी येते, सौदा होतो. आता त्या रंगाची थप्पी फळीवर लावायची का? एका बाईंनी विचारला म्हणून थप्पी लावली, तर रोज खपणारा माल खाली उतरवावा लागतो. त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणी तोच रंग विचारला, तर मात्र जुनाजाणता दुकानदार गोदामाला निरोप धाडतो. या दुसऱ्या विचारणेला किती वजन द्यायचे, यावरच वेब कॅशच्या अभ्यासाचा बराचसा भाग उभा आहे.

कॅशचे निर्णय दोन. आत काय घ्यायचे हा पहिला, आणि जागा संपल्यावर कोणाला काढायचे हा दुसरा. अभ्यासकांनी बरीच वर्षे डोके लावले ते दुसऱ्यावर. आयबीएममधले लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली संगणकाच्या स्मृतीबद्दल दाखवून दिले की जी गोष्ट यापुढे सर्वांत उशिरा लागणार आहे तिला काढणे हाच सर्वोत्तम मार्ग. त्यासाठी भविष्य ठाऊक असावे लागते, म्हणून व्यवहारात ‘सर्वांत जास्त वेळ कोणी हात न लावलेली वस्तू काढा’ हा सोपा नियम रूढ झाला. आत घेण्याचा प्रश्न मात्र संगणकाच्या स्मृतीत फारसा उद्भवत नव्हता. प्रोसेसरने जे मागितले ते सहसा जवळ आणून ठेवायचेच. वेबवर ही सक्ती नाही. मागणाऱ्याला वस्तू देऊन टाकावी आणि स्वतःजवळ काहीच ठेवू नये, ही मुभा वेब कॅशला आहे. या मुभेचे मोल लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

सुरुवातीची वर्षे पाहिली तर ते समजण्यासारखे आहे. १९९४ साली सर्न या संशोधन संस्थेच्या वेब सर्व्हरला मध्यस्थ म्हणून काम करण्याची आणि आलेली पाने साठवण्याची सोय जोडली गेली. त्याच सुमाराच्या हार्वेस्ट प्रकल्पातून १९९६ मध्ये स्क्विड हा मुक्त स्रोत कॅश-कार्यक्रम निघाला आणि जगभर पसरला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा देशाबाहेर जाणारी वाट अतिशय अरुंद होती. पुढे महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत पन्नास यंत्रांमागे एकच जोडणी असे आणि तिच्या तोंडाशी स्क्विड बसवलेला असे. पाने लहान, जोडणी महाग आणि हार्ड डिस्क त्या मानाने स्वस्त, असा तो हिशेब. नियमात बसेल ते सगळे ठेवा, फार मोठी फाइल तेवढी वगळा, एवढे धोरण पुरत होते.

‘नियमात बसेल ते’ हा मात्र स्वतंत्र विषय आहे, आणि ‘ठेवावे का’ याच्याही आधी ‘ठेवता येते का’ हे पाहावे लागते. वेबच्या एचटीटीपी या भाषेतले साठवणुकीचे नियम सध्या आरएफसी ९१११ या जून २०२२ च्या दस्तऐवजात आहेत. त्यांचा गाभा असा की मूळ सर्व्हर उत्तरासोबत ‘कॅश-कंट्रोल’ या शीर्षाखाली सूचना धाडतो आणि कॅशने त्या पाळायच्या. ‘नो-स्टोअर’ असेल तर प्रत ठेवायचीच नाही. ‘प्रायव्हेट’ असेल तर मागणाऱ्याच्या स्वतःच्या ब्राउझरने ठेवली तर चालेल, पण अनेकांना सामायिक असलेल्या कॅशने ठेवायची नाही. ‘मॅक्स-एज’ म्हणजे किती सेकंद ती ताजी समजावी. ‘नो-कॅश’ या सूचनेने मात्र अनेकांना फसवले आहे: तिचा आदेश ‘ठेवू नका’ असा नसून ‘ठेवा, पण दर वेळी मूळ सर्व्हरला विचारल्याशिवाय देऊ नका’ असा आहे. बँकेचे विवरण दाखवणाऱ्या पानावर नुसते ‘नो-कॅश’ लिहून निर्धास्त झालेला प्रोग्रामर आपल्या समजुतीच्या नेमके उलट करून बसलेला असतो. मागणीसोबत ओळख पटवणारे ‘ऑथरायझेशन’ शीर्ष आले असेल, तर मूळ सर्व्हरने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज सामायिक कॅशने उत्तर साठवू नये, असाही नियम आहे.

सर्व्हरने काहीच सांगितले नाही तर? वेबवर असे ढिले सर्व्हर रगड आहेत. अशा वेळी कॅशने अंदाज बांधावा अशी सूट आहे, आणि पान शेवटचे बदलून जितका काळ झाला त्याच्या एक दशांश काळ ते ताजे धरावे, हा प्रघात आहे. दहा दिवसांपूर्वी बदललेले पान एक दिवस चालवून घ्यायचे. ‘असे पान नाही’ हे ४०४ क्रमांकाचे उत्तरसुद्धा याच तऱ्हेने साठवता येते, आणि ते साठवण्यात शहाणपण असते. चुकीची छापलेली एखादी लिंक हजारो लोक दाबत असतील तर प्रत्येकासाठी मूळ सर्व्हरचे दार ठोठावण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात ‘ठेवता येते का’ आणि ‘ठेवावे का’ हे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी समोर ठेवणारा प्रसंग म्हणजे दहावीचा निकाल. राज्य मंडळाच्या नऊ विभागांपैकी एक छत्रपती संभाजीनगरचा. त्यात जालना, बीड, परभणी आणि हिंगोली हे जिल्हेही येतात. २०२४ चा निकाल २७ मे रोजी दुपारी १ वाजता ऑनलाइन लागला आणि राज्यभरात १५ लाखांहून अधिक विद्यार्थी तो पाहणार होते. एक वाजता गुलमंडीतल्या मोबाइलच्या दुकानातला पोरगाही काउंटरखाली फोन धरून बसलेला असतो, आणि मुख्य पान, मंडळाचे बोधचिन्ह, पानाची मांडणी ठरवणारी फाइल हे सगळे त्याला दिसते तेच गडचिरोलीतल्या मुलीला दिसते. हा भाग सर्वांना सारखा, लाखो वेळा मागितला जाणारा आणि दिवसभर न बदलणारा आहे. कॅशसाठी याहून चांगला माल नाही. मग तो पोरगा आसनक्रमांक आणि आईचे नाव टाकतो. येणारे गुणपत्रक एकाच विद्यार्थ्याचे. ते सामायिक कॅशमध्ये राहता कामा नये, आणि समजा राहिले तरी लाभ शून्य, कारण तो विद्यार्थी, त्याचा मामा आणि क्लासचे सर सोडले तर ते पुन्हा कोणी मागणार नाही. परवानगी आणि उपयोग, दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येते. इथे कॅशची मर्यादाही दिसते. १६ जुलै २०२१ रोजी, परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर लागलेल्या निकालाच्या वेळी संकेतस्थळे काही तास उघडेनात. अशा लोंढ्यात सामायिक भागाचा भार कॅश स्वतःच्या अंगावर घेऊ शकते. लाखो वेगवेगळी गुणपत्रके मात्र शेवटी माहितीसाठ्यातूनच काढावी लागतात.

परवानगीच्या बाबतीत चूक झाली तर काय होते, याचे गाजलेले उदाहरण २५ डिसेंबर २०१५ चे. संगणकीय खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानावर त्या दिवशी हल्ला चालू होता. भार हलका व्हावा म्हणून कॅश सांभाळणाऱ्या कंपनीने नवे नियम लावले, आणि त्यांतल्या एका चुकीमुळे लॉगिन केलेल्या ग्राहकांची पाने साठवली जाऊन भलत्यांनाच दिसू लागली. सुमारे ३४ हजार ग्राहकांची खासगी माहिती अशी उघडी पडली असावी, असे मालक कंपनी व्हॉल्व्हने नंतर सांगितले. जागा वाया गेली तर कॅश थोडी मंद होते. परवानगीत चूक झाली तर विश्वास जातो. म्हणून शंका असेल तेव्हा न ठेवणे, हा या टप्प्यावरचा एकमेव सुरक्षित पवित्रा आहे.

परवानगीचा टप्पा पार केलेल्या वस्तूंपैकी कोणत्या ठेवण्याजोग्या, हा खरा किचकट भाग. त्याची मुळे लोकांच्या आवडीनिवडीच्या वाटणीत आहेत. ली ब्रेस्लाव, पेई काव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रॉक्सींच्या, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरांच्या, नोंदी तपासल्या, तेव्हा मागण्यांचा आलेख सगळीकडे एकाच घाटाचा निघाला. लोकप्रियतेच्या यादीत वस्तू जितकी खाली, तितक्या तिच्या मागण्या कमी, आणि ही घट क्रमांकाच्या ०.६४ ते ०.८३ या दरम्यानच्या घाताने होते. पहिल्या काही वस्तूंवर झुंबड असते आणि त्यांच्यामागे न संपणारी शेपटी. याचा एक परिणाम कॅश चालवणाऱ्याच्या खिशाला जाणवतो: हिटचे, म्हणजे मागितलेली वस्तू कॅशमध्येच सापडण्याचे, प्रमाण कॅशच्या आकाराबरोबर अतिशय धिम्या गतीने वाढते. दरवेळी तेवढीच भर घालायची तर दरवेळी जागा काही पटींनी वाढवावी लागते. डिस्क विकत घेत राहणे हा उपाय लवकरच महाग पडतो, आणि मग आत काय घेतो याकडे बघणे भाग पडते.

शेपटी किती लांब आहे, हे ब्रूस मॅग्ज आणि रमेश सीतारामन यांनी २०१५ साली अकामाई या कंपनीच्या अनुभवावरून मांडले. अकामाई ही १९९८ साली एमआयटीतून निघालेली, इतरांचा मजकूर जगभरच्या कॅशमधून पोहोचवणारी कंपनी. तिच्या ४५ सर्व्हरांच्या एका गटावर दोन दिवसांत मागितल्या गेलेल्या वस्तूंपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वस्तू एकदाच मागितल्या गेल्या होत्या. म्हणजे आलेले सगळे ठेवणारी कॅश चारपैकी तीन वेळा अशी वस्तू डिस्कवर लिहीत होती, जिला पुन्हा कोणी विचारणार नव्हते. या एकदाच्या पाहुण्यांचा त्रास दुहेरी असतो. ते कामाच्या वस्तूंना बाहेर ढकलतात, आणि डिस्कला लिहिण्याच्या कामात गुंतवून वाचण्याचे काम रखडवतात. डिस्क फ्लॅशची असेल तर तिसराही तोटा होतो, कारण फ्लॅशची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. निरुपयोगी लिखाण तिच्या आयुष्यातून वजा होते.

यावरचा उपाय इतका साधा आहे की आधी कसा सुचला नाही असे वाटावे: पहिल्या मागणीला वस्तू द्यायची पण ठेवायची नाही, दुसऱ्या मागणीला ठेवायची. अडचण एकच. दुसरी मागणी ‘दुसरी’ आहे हे कळण्यासाठी पहिलीची आठवण हवी, आणि कोट्यवधी पत्त्यांची यादी सांभाळायची म्हटली तर तिलाच भरमसाट जागा लागेल. इथे १९७० साली बर्टन ब्लूम यांनी मांडलेली युक्ती कामी येते. बिटांची एक लांब ओळ घ्यायची, सगळे बिट शून्यावर. पत्ता आला की त्याच्यावर काही ठरावीक गणिती क्रिया करायच्या. प्रत्येक क्रिया ओळीतली एक जागा दाखवते, त्या जागांवरचे बिट एक करायचे. पुढे पत्ता आला की त्याच जागा पाहायच्या. एक जरी शून्य असेल तर हा पत्ता पूर्वी आलेला नाही, हे नक्की. सगळ्या एक असतील तर बहुधा आलेला आहे. ‘बहुधा’ अशासाठी की वेगवेगळ्या पत्त्यांनी मिळून योगायोगाने त्याच जागा भरलेल्या असू शकतात. पत्त्यामागे १० बिट दिले तर असा चकवा शंभरात सुमारे एकदा होतो. १ कोटी पत्त्यांना त्या हिशेबाने १० कोटी बिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट लागतात. मोबाइलवर काढलेल्या तीन-चार फोटोंची ती जागा.

बिटांच्या ओळीची ही चाळणी या कामाला इतकी चपखल बसते, कारण तिची चूक निरुपद्रवी आहे. चकवा झालाच तर नवी वस्तू पहिल्याच मागणीला आत येईल, जे चाळणी नसती तर झालेच असते. उलट दिशेने ती चुकतच नाही. तिचा एक दोष मात्र सांभाळावा लागतो: एकदा भरलेला बिट पुसता येत नाही, त्यामुळे दिवस जातील तशी ओळ भरत जाते आणि सगळेच पत्ते ओळखीचे वाटू लागतात. म्हणून दोन चाळण्या ठेवतात. एक भरली की दुसरी वापरात घेतात आणि काही काळ दोन्हींत पाहतात. अकामाईने ही पद्धत चालू केल्यावर त्या सर्व्हरांवर बाइटांच्या मोजणीने हिटचे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेले आणि डिस्कवरचे लिखाण ४४ टक्क्यांनी घटले. नवे यंत्र न घेता मिळालेली ही सुधारणा आहे. एन्जिनएक्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरमध्ये कितव्या मागणीनंतर साठवावे हे ठरवणारी एक ओळ असते; तिचे मूळ मूल्य १ आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते बदललेले नसते.

दुसऱ्या मागणीचा नियम लागू करण्याआधी पत्ते नीट केलेले असले पाहिजेत, ही बाब सहज निसटते. फेसबुकवरून उघडलेल्या लिंकला शेवटी एक लांबलचक ओळखचिन्ह जोडलेले येते, आणि ते प्रत्येक क्लिकला वेगळे असते. गुलमंडीतल्या एखाद्या मिरवणुकीची बातमी पाचशे जणांनी तशी उघडली तर पान एकच, पण कॅशला दिसतात पाचशे निराळे पत्ते, प्रत्येक एकदाच आलेला. चाळणी त्या सगळ्यांना इमाने इतबारे बाहेर ठेवते आणि पाचशे वेळा मूळ सर्व्हरकडे धाव घेतली जाते. मजकुरावर परिणाम न करणारी अशी शेपटे आधी छाटून मगच पत्ता नोंदवायचा. कोणते शेपूट निरर्थक आणि कोणते पान बदलते हे संकेतस्थळाच्या मालकालाच ठाऊक असते. कॅशने परस्पर छाटणी केली तर पान दोनऐवजी पान एकच पुन्हा येत राहते.

आकाराचाही विचार हवा. १ गिगाबाइटच्या एका व्हिडिओच्या जागेत १०० किलोबाइटची १० हजार छायाचित्रे मावतात. मागण्यांच्या संख्येने मोजले तर छायाचित्रे ठेवणे फायद्याचे. दूरच्या जोडणीवरून येणाऱ्या बाइटांनी मोजले तर कदाचित व्हिडिओ. पहिले मोजमाप वापरणाऱ्याच्या सोयीचे, दुसरे बिल भरणाऱ्याच्या, आणि दोन्ही एकाच वेळी कमाल होत नाहीत. डॅनियल बर्गर, सीतारामन आणि मोर हार्कोल-बाल्टर यांनी २०१७ मध्ये मांडलेली ॲडाप्टसाइझ ही पद्धत पहिल्या बाजूची आहे. ती वस्तूला आकारानुसार प्रवेशाची शक्यता देते: आकार जितका मोठा तितकी ती घातांकी वेगाने घटते. मोजपट्टी १०० किलोबाइटवर लावली, तर १० किलोबाइटची वस्तू दहात नऊ वेळा आत येते, आणि १ मेगाबाइटची २२ हजार खेपांत एकदा. मोठी पण खरोखर लोकप्रिय वस्तू इतक्या वेळा दार ठोठावते की कधी ना कधी आत शिरतेच. मोजपट्टी मात्र एकदा लावून विसरायची नाही. येणाऱ्या मागण्यांवरून ती सतत नव्याने ठरवणे, हेच त्या संशोधनाचे मुख्य योगदान आहे.

तिसरी वाट अशी: नव्या वस्तूची तुलना तिच्यामुळे ज्याला बाहेर जावे लागेल त्याच्याशीच करायची. गिल आइन्झिगर, रॉय फ्रीडमन आणि बेन मेन्स यांच्या टायनीएलएफयू पद्धतीत प्रत्येक पत्ता किती वेळा आला याचा अंदाज ब्लूमच्या ओळीसारख्याच, पण लहान आकडे मावतील अशा घरांत ठेवतात. नवी वस्तू दाराशी आली की बाहेर जाणाऱ्याची आणि तिची वारंवारता पाहायची; जिची जास्त ती राहते. ठरावीक मागण्या झाल्या की सगळे आकडे निम्मे करायचे. हे निम्मे करणे नसते तर ही पद्धत वृत्तपत्रांच्या संकेतस्थळावर कोलमडली असती. ई-पेपरचे पहिले पान सकाळी सात ते नऊ या वेळात मागण्यांचा डोंगर रचते आणि दुपारी त्याला कोणी विचारत नाही. आकडे उतरले नाहीत तर कालचे पहिले पान आजच्याला दारातच अडवून धरेल. उलट अगदी नव्या वस्तूला आपली लोकप्रियता सिद्ध करायला वेळच मिळत नाही, म्हणून सुधारित रूपात कॅशचा छोटासा हिस्सा, एखादा टक्का, कोणतीही विचारपूस न करता नवागतांसाठी मोकळा ठेवतात.

या सर्व सावधगिरीला जिथे रजा द्यावी लागते ते क्षेत्र म्हणजे थेट प्रक्षेपण. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. थेट व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकडा जन्मतः अनोळखी, पुढच्या क्षणी लाखोंना हवा, आणि थोड्या वेळाने बहुतेकांना नको. दुसऱ्या मागणीची वाट पाहण्यात इथे काहीच मिळत नाही. तुकडा पहिल्या मागणीलाच ठेवायचा. तो मूळ सर्व्हरकडून येत असतानाच आणखी हजार जणांनी मागितला, तर त्यांना एकाच धाग्यात बांधून थांबवायचे आणि एकच प्रत आणून सर्वांना द्यायची. तो डिस्कवर न लिहिता स्मृतीतच ठेवला तरी चालतो, कारण त्याचे आयुष्यच तेवढे असते. जुन्या चित्रपटांचे याच्या अगदी उलट. नेटफ्लिक्सने २०१२ साली जाहीर केलेल्या ओपन कनेक्ट व्यवस्थेत इंटरनेट कंपन्यांच्या घरात बसवलेली यंत्रे प्रेक्षकाच्या मागणीची वाटच पाहत नाहीत. कोणत्या भागात काय पाहिले जाईल याचा अंदाज बांधून वर्दळ नसलेल्या वेळात ती आधीच भरून ठेवली जातात. तिथे ठेवण्याचा निर्णय कॅशच्या दारातून उठून मध्यवर्ती कचेरीत गेला आहे. ज्याची सूची लहान आणि ग्राहक ओळखीचे, त्यालाच हे परवडते.

निर्णय घेणारेही बदलले आहेत. प्रयोगशाळेच्या तोंडाशी बसलेला स्क्विड कोणाचेही पान वाचून साठवू शकत होता, कारण पाने उघडी येत. आता बहुतेक सर्व रहदारी सांकेतिक स्वरूपात जाते आणि मध्ये बसलेल्याला आत काय आहे ते दिसत नाही. शहरातल्या इंटरनेट कंपनीच्या खोलीत आज कॅश असते ती गूगलची, नेटफ्लिक्सची किंवा अकामाईची. कुलूप आणि किल्ली दोन्ही त्यांच्याकडे. स्थानिक कंपनी जागा, वीज आणि जोडणी पुरवते, पण काय ठेवायचे यात तिला आवाज नाही. प्रवेशाचे धोरण आखण्याचे काम त्यामुळे दोघांकडे उरले: अशा मोठ्या वाहकांकडे, आणि स्वतःच्या सर्व्हरपुढे स्वतःची कॅश लावणाऱ्या संकेतस्थळांकडे.

या दुसऱ्या गटातल्या लहान संकेतस्थळाला गुंतागुंतीच्या पद्धतींची सहसा गरज नसते. सगळा मजकूर कॅशमध्ये मावत असेल तर नकार द्यायचे कारणच नाही. मावत नसेल तर दुसऱ्या मागणीचा नियम लावून पाहावा, आणि तोही आपल्या नोंदींवर पडताळून: मागच्या काही आठवड्यांच्या मागण्या त्याच क्रमाने एका कागदी कॅशमधून पुन्हा चालवायच्या, आधी चाळणीविना, मग चाळणीसह, आणि हिट, बाइट व लिखाण हे तीनही आकडे शेजारी ठेवायचे. नोंदींत गणपती किंवा दिवाळीचा आठवडा असेल तर तो वेगळा मोजावा, कारण त्या दिवसांतल्या मागण्यांवरून वर्षभराचे धोरण ठरत नाही. आणखी एक बारकावा पुन्हा सुरू होण्याच्या वेळेचा. कॅश बंद पडून रिकामी सुरू झाली की चाळणीही कोरी असते. नियम तसाच चालवला तर प्रत्येक लोकप्रिय वस्तू मूळ सर्व्हरकडून दोनदा आणावी लागते, आणि तीही तो सर्व्हर आधीच भाराखाली असताना. म्हणून डिस्क एकदा भरेपर्यंत परवानगी असलेले सगळे आत घ्यावे, पत्ते तेवढे नोंदवत राहावे, आणि पहिली वस्तू बाहेर काढायची वेळ येईल तेव्हा चाळणी लावावी.